वडिलांच्या नावाने छापलेला माफीनामा

ज्या हिवाळ्यात ह्यांचा लेऑफ झाला, त्याच हिवाळ्यात मला टाउनशिपच्या लायब्ररीत अर्धवेळ काम मिळालं. आम्ही तेव्हा डेट्रॉइटबाहेर नोव्हायजवळ दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये राहत होतो. हे मोटारींच्या कंपनीत इंजिनियर होते, ब्रेकच्या भागांची डिझाइनं करायचे. ऐंशी सालानंतर डेट्रॉइटच्या आसपासच्या ऑफिसांचा एकेक मजला रिकामा होत गेला आणि एका शुक्रवारी ह्यांच्याही टेबलावर पत्र आलं. मी नागपूरहून इतिहासात एम. ए. करून आलेली, पण इथे त्या डिग्रीला कुणी विचारत नव्हतं. परत आलेली पुस्तकं जागेवर लावायची आणि मागच्या खोलीतलं मायक्रोफिल्मचं यंत्र सांभाळायचं, एवढं माझं काम. जुन्या वर्तमानपत्रांच्या पानांचे फोटो काढून ते रिळांवर साठवलेले असत. रीळ यंत्रात बसवून दांडा फिरवला की समोरच्या पडद्यावर एकेक पान सरकत यायचं. लोक बहुधा आपल्या आजोबा-पणजोबांच्या निधनाची बातमी शोधायला यायचे आणि अर्ध्या तासात निघून जायचे.

ते आजोबा पहिल्यांदा आले तेव्हा बर्फ वितळून पार्किंग लॉटमध्ये चिखल झाला होता. पंच्याहत्तरी ओलांडलेले, ठेंगणे, अंगात जाड लोकरी कोट, टोपी हातात काढून घेतलेली. मी त्यांना शेवटपर्यंत आडनावानेच हाक मारली, पण मनात ते आजोबाच होते, म्हणून इथेही तसंच लिहिते. काउंटरवर आमच्या सुपरवायझर बाई होत्या. आजोबांनी त्यांना विचारलं, "इथे कुणाला इटालियन वाचता येतं का?"

कुणालाच येत नव्हतं. आजोबांनी सांगितलं की ते उत्तर इटलीतल्या एका लहान गावचे. त्या गावाच्या साप्ताहिकाची रिळं एका युनिव्हर्सिटीत आहेत आणि लायब्ररीतर्फे ती मागवता येतात. अडचण डोळ्यांची होती. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध काळा डाग पडला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही.

"पण वाचणाऱ्याला भाषा समजायला हवी ना?" बाई म्हणाल्या.

"समजायला मी आहे," आजोबा म्हणाले. "मला फक्त तोंडाने वाचून दाखवणारं कुणीतरी पाहिजे."

मी ट्रॉलीवर पुस्तकं लावत उभी होते. म्हटलं, "मी बघू का?" त्यात परोपकार वगैरे काही नव्हता. घरी हे दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असायचे आणि मला घरी जायची घाई नव्हती.

रिळं यायला तीन आठवडे लागले. तोवर आजोबांनी मला वाचनाचे नियम सांगितले आणि मी ते वहीत देवनागरीत लिहून घेतले. सी नंतर ई आला की 'चे', मध्ये एच आला की 'के'. जी आणि एन शेजारी आले की 'ञ'. शाळेत च-छ-ज-झच्या शेवटी नुसतं म्हणण्यापुरतं असलेलं ते अक्षर मी आयुष्यात पहिल्यांदा खरोखर उच्चारलं. अमेरिकन माणसाच्या तोंडी प्रत्येक स्वराला शेपूट फुटतं. आपलं तसं नसतं, जे लिहिलंय ते वाचायचं. मी पहिला परिच्छेद वाचला तेव्हा आजोबा डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "तू आमच्या पोस्टमास्तरसारखी वाचतेस. त्यालाही आपण काय वाचतोय ते कळायचं नाही."

बाईंनी मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी दोन-दोन तास आम्हाला दिले. मी वाचायची, ते थोडंथोडं इंग्रजीत सांगायचे. ते साप्ताहिक त्यांच्या वडिलांनी काढलेलं होतं. चार पानांचं. वडील संपादक, आजोबा पंधराव्या वर्षापासून तिथेच छपाईचे खिळे जुळवायला बसलेले. त्यांना कुठली बातमी हवी होती हे त्यांनी सांगितलं नाही. "सुरुवातीपासून जाऊ," एवढंच म्हणाले.

एम. ए.च्या पेपरात मी 'इटलीतील हुकूमशाहीच्या उदयाची कारणे' या प्रश्नाचं उत्तर लिहिलं होतं. कारणं क्रमाने पाठ होती: युद्धानंतरची बेकारी, दुबळी सरकारं, संपांची धास्ती आणि असंच पुढे. मार्क चांगले पडले होते. पण त्या पडद्यावर कारणं कुठेच दिसत नव्हती. खेचरांचा बाजार, दुधाचा भाव, कुणाच्या तरी गोठ्याला लागलेली आग, बँडच्या तालमीची वेळ. आणि त्यांच्या मधोमध एका पानावर, गावातलं सहकारी दुकान जाळल्याची बातमी. जाळणाऱ्या सहा जणांची पूर्ण नावं, बापाच्या नावासकट.

"वडिलांनी स्वतः लिहिलं होतं ते," आजोबा म्हणाले. "कोर्टाने सहाही जणांना सोडलं. वडिलांनी नावं पुन्हा छापली. मग आमच्या खिडक्या फुटल्या."

पुढच्या अंकात एका शब्दावर मी अडखळले. त्यांनी तो फोडून दिला, ओल्यो दि रिचिनो. "कॅस्टर ऑइल," ते म्हणाले.

मला हसू आलं. म्हटलं, "आम्हाला लहानपणी आई पाजायची. नाक दाबून. एरंडेल म्हणतात आमच्याकडे."

ते हसले नाहीत. "फॅसिस्ट पक्षाचे काळे शर्टवाले माणसाला धरायचे, बाटलीभर पाजायचे आणि मग गावातून चालत घरी पाठवायचे. आमच्याकडे पहिली पाळी आली ती सहकारी दुकानाच्या व्यवस्थापकाची. भर दुपारी, चौकातून. बायको दारात उभी होती. लोक हसले. मीही हसलो. गोळी घातली असती तर गाव पेटलं असतं. पण ज्याची पाटलोण खराब झालीय, अशा माणसासाठी कोण रस्त्यावर येणार? तो माणूस पुढे कधी सभेत बोलायला उभा राहिला नाही. त्याला कुणी मनाई केली नव्हती."

मी दांडा फिरवून पुढचं पान आणलं. 

वसंत ऋतू आला, लायब्ररीसमोरच्या झाडांना पालवी फुटली आणि आम्ही वर्षभराचे अंक ओलांडले. अर्थ कळत नसला तरी सतत वाचून काही शब्द माझ्या ओळखीचे झाले होते. त्यामुळे कुठले शब्द येईनासे झाले हेही मला कळायला लागलं. मारामारीच्या बातमीत आधी नावं असत. मग नावांच्या जागी 'काही तरुण' आलं. मग 'एक खेदजनक प्रसंग'. मग बातमी शेवटच्या पानावर गेली, आणि एके दिवशी मी म्हटलं, "गेल्या आठ अंकांत मारामारी झालेलीच दिसत नाही."

"झालेली दिसत नाही," आजोबा म्हणाले. "बरोबर."

त्यांनी सांगितलं, एकदम काही बंद झालं नाही. जिल्ह्याचा अधिकारी वडिलांना बोलवायचा, कॉफी पाजायचा, म्हणायचा, तुम्ही शहाणे आहात. वडील घरी येऊन एक वाक्य खोडायचे. ते म्हणायचे, एका वाक्यासाठी छापखाना घालवायचा का? आणि दर वेळी ते वाक्य खरंच लहान असायचं. मग निवडून आलेला नगराध्यक्ष गेला आणि वरून नेमलेला आला. बँडचा अध्यक्ष बदलला, व्यायामशाळेचा बदलला, सायकल क्लबचासुद्धा. नवीन माणसं अनोळखी नव्हती. दुकान जाळणाऱ्या सहांपैकी दोघं त्यांत होते. टोप्यांच्या दुकानाची जाहिरात मात्र दर आठवड्याला त्याच कोपऱ्यात, त्याच चौकटीत.

"एकदा वडिलांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली," आजोबा म्हणाले. "दुसऱ्या दिवशी हुकूम आला. कोरी जागा सोडायची नाही. तिथे काहीही छापा. आम्ही बियाण्यांचे भाव छापले."

मला आमचं नागपूरचं घर आठवलं. आणीबाणीच्या सुरुवातीच्या दिवसांत एका सकाळी बाबांच्या हातातल्या पेपरात मधली जागा कोरी होती. मी विचारलं, "हे काय, छापायचं राहिलं का?" बाबा सरकारी नोकरीत. त्यांनी पेपराची घडी घातली आणि म्हणाले, "तू अभ्यास कर." पुढे दीड वर्ष आमच्याकडे जेवताना फक्त जेवणाबद्दल बोलणं व्हायचं. मी तेव्हा एम. ए.च्या पहिल्या वर्षाला होते. इटलीची कारणं पाठ करत होते. बाबांना मी पुढे कधी काही विचारलं नाही, आणि इथे आल्यावर विचारायचं तर पत्रातून काय विचारणार.

त्या सुमारास महाराष्ट्र मंडळाचं पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण होतं. मी तिथे सहज आजोबांची गोष्ट काढली. आमच्यातले एक डॉक्टर काका, साठच्या दशकात इथे आलेले, सगळ्यांना मदत करणारे. ह्यांच्या लेऑफनंतर तीन ठिकाणी त्यांनी स्वतः फोन केले होते. ते ताटात कोशिंबीर वाढून घेत म्हणाले, "अगं, काही म्हण, शिस्त होती तेव्हा. आपल्याकडेही आणीबाणीत गाड्या टायमावर धावत होत्या यार. लोकांना दंडुक्याशिवाय कळत नाही."

दोन-चार जणांनी माना डोलावल्या. मला बोलायचं होतं. हे माझ्या शेजारी उभे होते, त्यांनी हळूच माझ्या कोपराला हात लावला. मी म्हटलं, "काका, पुरणपोळी घेतली का?"

गुरुवारी हा गाड्यांचा प्रकार मी आजोबांना सांगितला. ते जरा विचार करून म्हणाले, "आमच्याकडे गाडी पूर्वीइतकीच उशिरा यायची. उशिराची बातमी छापायची बंद झाली."

जून महिन्यात एका दुपारी त्यांनी मला यंत्र बंद करायला सांगितलं. आता शोधायचं काय, ते सांगायची वेळ आली होती.

१९२६ साली ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी देशाच्या नेत्यावर कुणीतरी गोळी झाडली. ती लागली नाही. पण आठवड्याभरात नवे कायदे आले. बाकीचे पक्ष रद्द, विरोधी पेपर बंद, आणि पोलिसांना वाटलं तर कुणालाही खटल्याशिवाय दूरच्या बेटावर पाठवायची मुभा. आजोबांच्या वडिलांना सकाळी न्हाव्याच्या दुकानात दाढी करून घेताना उचललं. आजोबा तेव्हा वीस वर्षांचे. संध्याकाळी गावातला पक्षाचा सेक्रेटरी छापखान्यात आला. तो आजोबांच्या शाळेतला, दोन वर्षं पुढे. त्याने सांगितलं, वडिलांच्या सहीचा माफीनामा शनिवारच्या अंकात आला तर सोमवारी ते घरी येतील. नाही आला तर बेट. वडील सही करणार नाहीत हे त्यालाही माहीत होतं, मुलालाही.

"मग मी लिहिला," आजोबा म्हणाले. "वडिलांच्या नावाने. कागदावर नाही, थेट खिळ्यांत जुळवला. सेक्रेटरी शेजारी उभा राहून सिगरेट ओढत होता. सोमवारी वडील घरी आले. आईने सूप केलं. त्यांनी अंक मागितला, वाचला, घडी करून ठेवला. त्यानंतर नऊ वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत. काही हवं असलं तर आईला सांगायचे, त्याला म्हणावं मीठ दे. मी त्यांच्या समोर बसलेलो असायचो."

साप्ताहिक चालूच राहिलं. संपादक नवा, खिळे जुळवणारे आजोबाच. वडील गेले तो हिवाळा आफ्रिकेतल्या युद्धाचा. देशासाठी सोनं द्या म्हणून बायका रांगेत उभ्या राहून लग्नाच्या अंगठ्या देत होत्या आणि बदल्यात लोखंडाची अंगठी घेऊन घरी जात होत्या. आजोबांच्या आईनेही दिली, नवऱ्याला जाऊन महिना झाला नव्हता. अंगठी देणाऱ्यांची यादी आजोबांनीच जुळवली. "युद्ध आलं तेव्हा गावात कुणी तोंड उघडलं नाही," ते म्हणाले. "तुला वाटेल, घाबरून. नाही. सवयीने."

मी विचारलं, "मग त्या माफीनाम्यात तुम्हाला काय बघायचंय?"

"दोन नावं," ते म्हणाले. "एक गवंडी होता आणि एक शाळामास्तर. दोघं वडिलांचे मित्र, रात्री आमच्याकडे पत्ते खेळायला यायचे. माफीनाम्यात शेवटी दोन ओळी होत्या, की या दोघांनी माझी दिशाभूल केली. पुढच्याच आठवड्यात दोघांना उचललं. मास्तरची नोकरी गेली, तो फ्रान्सला पळाला म्हणतात. गवंडी बेटावर गेला आणि तिथेच मेला. इतकी वर्षं मला आठवतंय ते असं, की मी माफी जुळवून संपवली, सेक्रेटरी म्हणाला तू घरी जा, आणि त्या दोन ओळी आमच्या म्हाताऱ्या कंपोझिटरकडून त्याने मागाहून घालून घेतल्या. घरी जाताना बूट भिजले होते, तेही आठवतं. पण ही आठवण माझ्या फार सोयीची आहे. म्हणून तिच्यावर माझा विश्वास नाही."

"पण छापलेल्या पानावरून ते कसं कळणार?"

"कळेल. आमच्याकडे खिळ्यांच्या दोन केस, म्हणजे खणांच्या पेट्या होत्या. म्हाताऱ्याची नवी, माझी जुनी. माझ्या केसमधल्या जी अक्षराची खालची शेपटी तुटलेली होती, प्रत्येकाची. एकदा केस माझ्याच हातून पडली होती."

नोव्हेंबरचं रीळ दोन आठवड्यांनी आलं. तो मंगळवार होता. बाहेर भयंकर उकडत होतं आणि मागच्या खोलीत एसीचा आवाज येत होता. आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मी पान लावलं. पहिल्याच पानावर, मधल्या कॉलमात, चौकटीत तो मजकूर होता. खाली त्यांच्या वडिलांचं नाव.

मी वाचला. सगळा मिळून बावीस ओळींचा. मी नेहमीसारखी सपाट वाचत गेले, कारण भाव कुठे द्यायचा ते मला माहीत नव्हतं. शेवटच्या दोन ओळींत ती दोन नावं आली. मी थांबले.

आजोबांचे हात मांडीवर होते.  मग म्हणाले, "माझ्या आठवणीत तो यापेक्षा बरा लिहिलेला होता." नंतर म्हणाले, "आता बघ."

मी भिंग लावून अक्षरं मोठी केली. वरच्या वीस ओळींत प्रत्येक जीची शेपटी तुटलेली होती, नखाने खुडल्यासारखी. मी खाली आले. शेवटच्या दोन ओळींत ते अक्षर तीनदा होतं. तिन्ही तुटलेली. शंकेला जागाच नव्हती.

"काय दिसतंय?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत होते, पण मी त्यांना दिसत नव्हते हे मला माहीत होतं. ते मला बघायला नेहमी मान थोडी वळवत, तशी त्यांनी वळवली नव्हती. मी म्हटलं, "इथे फिल्म धुरकट आहे. नीट दिसत नाही."

"वरचं दिसतंय?"

"वरचं दिसतंय. तुटलेली आहेत. खालच्या दोन ओळी अंधुक आहेत."

"पुन्हा बघ. घाई नाही."

मी दांडा उगाचच मागेपुढे केला. म्हटलं, "नाही दिसत."

त्यांनी मान हलवली. "ठीक आहे." मग टोपी चाचपून घेतली आणि उठले. दारापर्यंत मी सोबत गेले. माझं खोटं त्यांना कळलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

मी घरी जाऊन ह्यांना सांगितलं. हे जॉबचे अर्ज टाइप करत होते. म्हणाले, "चांगलं केलंस. म्हाताऱ्या माणसाला आता त्याचा काय उपयोग?" मलाही आधी तसंच वाटलं. पण बुधवारभर मला ते सहन होईना. जवळजवळ साठ वर्षं ज्या माणसाने स्वतःच्या आठवणीवर विश्वास ठेवला नाही, त्याने माझ्या डोळ्यांवर ठेवला होता. गुरुवारी खरं सांगायचं असं मी ठरवलं. वाक्यसुद्धा तयार केलं.

गुरुवारी ते आले नाहीत. सुपरवायझर बाईंनी मला आत बोलावलं. त्या चांगल्या होत्या, माझ्या मुलीला ताप असला की मला लवकर सोडायच्या. म्हणाल्या, "त्यांच्या मुलीचा फोन होता. मंगळवारपासून ते जेवत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत. ती म्हणते, लायब्ररीत त्यांना काय वाचून दाखवतात? हे आता थांबवायचं. आपण एका कुटुंबाच्या मध्ये पडू शकत नाही."

"मला त्यांच्याशी एकदाच बोलायचं होतं," मी म्हटलं.

"फोन करू नकोस. मी तिला तसा शब्द दिलाय." आणि मग हळू आवाजात म्हणाल्या, "बोर्डाला यंदा अर्धवेळचे लोक कमी करायचेत. तुझ्याबद्दल तक्रार आलेली मला नकोय."

घरात तेव्हा तेवढाच पगार येत होता. मी "येस" म्हटलं आणि ट्रॉली घेऊन बालविभागात गेले. त्यांचा नंबर मागवलेल्या रिळांच्या कार्डावर होता, मला पाठही झाला होता. मी फोन केला नाही. एक आठवडा केला नाही, मग दुसरा. मग इतके दिवस झाले की आता करणंच विचित्र वाटलं असतं.

सप्टेंबरात त्यांच्या मुलीचाच फोन आला, थेट माझ्या घरी. आजोबांना पॅरालिसिसचा झटका आला होता. जिवाला तत्काळ धोका नव्हता, पण इंग्रजी गेलं होतं. ते फक्त इटालियन बोलत होते आणि घरात ते कुणाला कळत नव्हतं. मुलगी इथे जन्मलेली, आई लवकर गेलेली. तिला खाण्याच्या पदार्थांची नावं आणि चार शिव्या एवढंच येत होतं. "तुम्ही त्यांच्याबरोबर इटालियन वाचायचात ना?" ती म्हणाली. "प्लीज, येऊन सांगा ते काय म्हणतायत."

मी तिला सांगितलं की मला भाषा येत नाही, मी नुसती वाचत होते. तिला ते पटलं नाही, की तिने ऐकलंच नाही, कोण जाणे. मला ह्यांनी हॉस्पिटलला ड्राइव्ह करून नेलं.

आजोबा उशीला टेकून बसले होते. तोंडाची एक बाजू ओघळली होती. मी पलंगाजवळ जाऊन नमस्कार केला तसं त्यांनी मान किंचित वळवून मला पाहिलं आणि बोलायला लागले. पुष्कळ बोलले. पेपरातली भाषा ती नव्हती, त्यांच्या गावची बोली असावी. माझ्या ओळखीचे शब्दही त्यात सापडत नव्हते. मी जवळ वाकून ऐकत राहिले. मधूनमधून फक्त ती दोन नावं मला कळत होती. गवंड्याचं आणि मास्तरचं. दर दोन-तीन वाक्यांनी एक. शेवटी ते थांबले आणि माझ्या उत्तराची वाट पाहू लागले. त्यांनी काहीतरी विचारलं होतं, एवढं मला आवाजावरून समजलं.

मी इंग्रजीत म्हटलं, "मला दिसलं होतं. त्या दिवशी मला स्पष्ट दिसलं होतं." त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. इंग्रजी आता त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, अगदी त्याच सुरात.

मुलगी माझ्या मागे उभी होती. "ही दोन नावं ते सारखी घेतात," ती म्हणाली. "कोण आहेत हे? तुम्हाला माहितीय?"

तिचे डोळे रडून सुजले होते. मी म्हटलं, "त्यांच्या वडिलांचे मित्र. घरी पत्ते खेळायला यायचे."

"ओह," ती म्हणाली आणि तिने आजोबांचा हात हातात घेतला. तिला किती बरं वाटलं ते मला दिसत होतं. पुढचं काही मी बोलले नाही.

दहा दिवसांनी आजोबा गेले. आमच्या भागातल्या पेपरात निधनाची बातमी आली. लायब्ररीत तो पेपर दांडीला लावायचं काम माझं, म्हणून मीच ती पहिल्यांदा वाचली. उत्तर इटलीत जन्म, छपाईच्या धंद्यात चाळीस वर्षं, एक मुलगी, दोन नातवंडं. आणि शेवटचं वाक्य असं होतं, की अखेरच्या दिवसांत त्यांना आपल्या वडिलांच्या दोन जिवलग मित्रांची फार आठवण येत होती. खाली ती दोन नावं, स्पेलिंगसकट बरोबर. ती मुलीने माझ्याकडूनच फोनवर विचारून घेतली होती.

चर्चमध्येही पाद्र्याने तेच वाक्य वाचलं. लोकांनी माना हलवल्या. माझ्या शेजारच्या बाईंनी डोळे पुसले.

गाडीत बसल्यावर मी ह्यांना म्हटलं, "ते खोटं आहे, आणि आता ते छापून आलंय."

"मग तू काय सांगणार होतीस तिला?" ह्यांनी विचारलं. रागाने नाही, खरंच विचारलं.

मी सीटबेल्ट लावला. ह्यांनी गाडी सुरू केली. ह्यांचा दुपारी इलिनॉयमधल्या एका कंपनीशी फोनवर इंटरव्ह्यू होता, आणि मुलीला तीन वाजता शाळेतून आणायचं होतं.